इंटरनेटची मुदत संपली तेव्हा

सुज्ञ व रसिक वाचकांस सविनय निवेदन करण्यात येते की, पुढील पानांवर एका प्रेमाची हकीकत सांगण्यात येणार आहे. हे प्रेम चंद्राच्या साक्षीने जुळले नाही, फुलांच्या ताटव्यातही जुळले नाही. ते जुन्या फर्निचरच्या दुकानात, एका विकाऊ सोफ्यावर, इंटरनेटच्या जोडणीची मुदत संपल्याच्या निमित्ताने जुळले. ज्यांची मुदत संपत आली आहे अशा वाचकांना या कथेतून व्यवहाराचे चार शब्द मिळतील. ज्यांचे प्रेम अजून जुळायचे आहे त्यांना काय मिळेल, ते ज्याचे त्याचे नशीब. प्रस्तुत लेखक त्या दुकानात लाकडाला पॉलिश करतो आणि सर्व प्रसंगी तो हातात फडके घेऊन मागच्या बाजूस उपस्थित होता. जे कानांनी ऐकले ते लिहिले आहे. जे ऐकले नाही ते पुढे दोघांनी आपण होऊन सांगितले.

आता मूळ कथेकडे वळू.

दुपार होती. दुकानाच्या काचेवर पावसाचे बारीक थेंब एकमेकांचा हात धरून खाली घसरत होते. दार उघडले आणि एक तरुणी आत आली. तिच्या हातात मिटलेली, निथळती छत्री होती. ती छत्री कुठे ठेवावी म्हणजे कोणाचे लाकूड भिजणार नाही, हे तिला काही केल्या ठरवता येईना. शेवटी तिने ती दाराबाहेर ठेवली आणि आपली छत्री चोरीला गेली तरी चालेल, अशा चेहऱ्याने ती पुढे आली.

"दादा," ती आमच्या मालकांना म्हणाली, "एक टेबल विकायचं आहे."

इथे मालकांचा परिचय करून देणे उचित होईल. वय तिशीच्या अलीकडे पलीकडे, बांधा सडपातळ, आवाज खालच्या पट्टीतला. बाजारात त्यांना सगळे 'चिवट' म्हणत, आणि ते नाव त्यांनी भाव करून करून मिळवले होते. भाव करताना मालक समोरच्या माणसाकडे पाहत नसत. ते टेबलाच्या पायाकडे, कपाटाच्या बिजागरीकडे, खुर्चीच्या पाठीकडे पाहत. समोरच्याचा चेहरा पाहिला की दया येते आणि दया आली की दुकान बसते, असे त्यांचे शास्त्र होते.

तरुणीने मोबाईलवर टेबलाचा फोटो दाखवला. लिहायचे, तीन खणांचे, भरीव लाकडाचे टेबल होते. मालक फोटोतल्या पायांकडे बघत म्हणाले, काही दोष? तेव्हा ती स्वतःच सांगू लागली... डावीकडचा खण अडकतो, वर शाईचा एक डाग आहे, आणि मागचा एक पाय थोडा कमी आहे, त्याखाली तिने पुठ्ठा घातला आहे, पुठ्ठाही टेबलासोबत मिळेल.

वाचकहो, माझा हात थांबला. एवढी वर्षे मी विकणारे पाहिले, पण आपल्या मालाचे दोष मोजून देणारी व्यक्ती पाहिली नव्हती. मालकांनीही मान वर केली. त्या दिवशी, भाव चालू असताना, त्यांनी प्रथमच समोरच्याचा चेहरा पाहिला.

"इतकं चांगलं टेबल का विकताय?" त्यांनी विचारले.

मग तिने जे सांगितले त्याचा सारांश असा. ती घरबसल्या टंकलेखन करीत असे. इस्पितळातले डॉक्टर रुग्णांचे अहवाल तोंडाने बोलून ठेवतात. ते बोलणे इंटरनेटवरून तिच्याकडे येते आणि ती कानाला यंत्र लावून ते शब्दन् शब्द टाइप करून परत पाठवते. पलीकडच्या गल्लीत शिंप्याच्या दुकानावरची एक खोली तिने भाड्याने घेतली होती. इंटरनेट नसेल तर काम नाही, काम नसेल तर खोली नाही. आणि गेल्या महिन्यात इंटरनेटचे बिल एकाएकी वाढून जवळजवळ दुप्पट आले होते. भाऊ दुसऱ्या गावी राहत होता. त्याने कळवले होते की एकटीने कशाला ओढाताण करतेस, इकडे ये, हॉलचा कोपरा तुझा. वहिनीलाही बाळाकडे बघायला कोणी हवेच होते. महिनाअखेरच्या रविवारी भाऊ गाडी घेऊन येणार होता. त्या कोपऱ्यात टेबल मावणार नव्हते.

"तुम्हाला जायचं आहे का तिकडे?" मालकांनी विचारले.

ती खिडकीकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "भाऊ चांगला आहे हो. पण कोपऱ्यात बसून काम नाही होणार माझं. बाळ रडलं की मी उठणारच ना... हळूहळू काम सुटेल. ते सुटलं की मग काय, मी त्या घरातली आत्या."

"बिल वाढलं तेव्हा कंपनीला फोन केलात?"

"केला. चूक झाली असेल वाटलं. ते म्हणाले, चूक नाही, तुमचा दोन वर्षांचा करार संपला, आता हाच दर."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"थँक्यू म्हणाले."

मालकांनी डोळे मिटले. दात दुखत असलेला मनुष्य मिटतो तसे. मग ते म्हणाले, "हे टेबल मी घेणार नाही."

तिचा चेहरा पडला. तोच ते पुढे म्हणाले, "आधी त्यांच्याशी भाव करून या. नाही जमलं, तर टेबल घेईन. तुम्ही सांगाल तो भाव देईन."

माझ्या हातातले फडके खाली पडले. 'तुम्ही सांगाल तो भाव' हे शब्द त्या दुकानाच्या भिंतींनी कधी ऐकले नव्हते.

"इंटरनेटचा भाव करता येतो?" तिने असे विचारले की जणू पावसाचा भाव करता येतो असे कोणी सांगितले.

तेव्हा मालकांनी तिला समजावून दिले. मुदत संपली की कंपन्या दर गुपचूप वाढवतात, कारण बहुतेक माणसे बघतच नाहीत. नव्या गिऱ्हाइकाला तीच जोडणी स्वस्तात मिळते. ते म्हणाले, असे मी माझ्या दुकानात केले, नव्याला स्वस्त आणि जुन्याला महाग, तर लोक माझ्या काचा फोडतील. तेव्हा आधी आपल्या गल्लीत आणखी कोणाची जोडणी मिळते आणि तिचा दर काय, ते बघून ठेवायचे. आपल्याला वेग किती लागतो तेही बघायचे, नको असलेल्या गोष्टींचे पैसे भरायचे नाहीत. मग फोन करून सरळ सांगायचे की मला जोडणी बंद करायची आहे. तसे सांगितले की ते दुसऱ्या टेबलावर फोन देतात. त्या टेबलावरच्या माणसांचे कामच असते, जाणाऱ्याला थांबवणे. आणि भाव करायचा अधिकार त्यांनाच असतो.

तिने सारे लक्षपूर्वक ऐकले, आभार मानले, माझेही मानले, जाताना दाराचेही मानले असावेत. बाहेर छत्री होती तिथेच होती. तिने ती उघडली आणि काचेतून मागे वळून एकदा पाहिले. मालक त्या वेळी एका कपाटाची बिजागरी तपासत होते. ती बिजागरी तपासून झालेली होती.

दोन दिवसांनी ती परत आली. चेहऱ्यावर यश होते, पण थोडे शंकेखोर.

"झालं का स्वस्त?" मालकांनी विचारले.

"थोडं झालं, दादा."

"थोडं म्हणजे?"

"म्हणजे इंटरनेट स्वस्त झालं... पण कार्टूनची चॅनेलं मिळाली."

"तुमच्याकडे लहान मूल आहे?"

"नाही."

"टीव्ही?"

"नाही." ती सोफ्याच्या कडेवर बसली. "पलीकडच्या माणसाचा आवाज इतका थकलेला होता... सकाळपासून शंभर जणांचं ऐकून घेतलं असेल बिचाऱ्याने. तो म्हणाला, मॅडम, ही चॅनेलं खूप छान आहेत. नाही म्हणवेना."

हिशेब केला तेव्हा नवे बिल आधीच्यापेक्षाही मोठे निघाले. मी मागे वळून भिंतीकडे तोंड केले, कारण हसणे अशिष्टपणाचे झाले असते. मालक मात्र हसले नाहीत. त्यांनी तिच्या मोबाईलवर आलेले कंपनीचे पत्रक तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतले. त्यात लिहिलेच होते की नवा करार केल्यापासून काही दिवसांच्या आत तो विनादंड रद्द करता येतो. त्यांनी तिला तो तिथेच रद्द करायला लावला. मग ते गंभीरपणे म्हणाले की आता तालीम करावी लागेल.

अशा रीतीने दुकानातल्या हिरव्या सोफ्यावर तालमी सुरू झाल्या. रोज दुपारी गिऱ्हाईक कमी असे तेव्हा ती येई. ती सोफ्याच्या एका टोकाला बसे, मालक दुसऱ्या टोकाला. मालक कंपनीचा माणूस होत आणि ती गिऱ्हाईक.

पण काय सांगावे... बाजारातला चिवट माणूस तिथे पार ढेपाळला. ती म्हणे, "मला दर परवडत नाही." की मालक म्हणत, "बरं, कमी करतो." ती म्हणे, "आणखी थोडा होईल का?" की मालक म्हणत, "होईल." पहिल्या दिवशी तिसऱ्या वाक्यालाच त्यांनी इंटरनेट फुकट देऊन टाकले.

तेवढ्यात मालकांच्या मातोश्री जेवणाचा डबा घेऊन आल्या. त्या दारातच थांबून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "तू भाव करतोयस की दानधर्म?"

मालक गोरेमोरे झाले. मातोश्रींनी डबा माझ्या हाती दिला, मुलाला सोफ्यावरून उठवले आणि स्वतः तिथे बसल्या. "मी होते कंपनी," त्या म्हणाल्या. "हं, बोल गं."

"मावशी, मला दर जास्त वाटतो."

"आमचा दर असाच आहे. परवडत नसेल तर चिठ्ठ्या पाठवत जा लोकांना."

तरुणी हसू लागली. मातोश्री हसल्या नाहीत. कंपनी हसत नाही, असे त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून मातोश्री रोज डबा घेऊन जरा लवकर येऊ लागल्या आणि अशी काही कठोर कंपनी चालवू लागल्या की मला त्या कंपनीच्या नफ्याबद्दल शंका उरली नाही.

मालकांकडे मग फक्त शिकवण्याचे काम उरले. एके दिवशी त्यांनी तिला आपल्या धंद्यातली मुख्य गोष्ट सांगितली. समोरच्याने भाव सांगितला की गप्प बसायचे. रागाने नाही, रुसून नाही. नुसते गप्प. शांतता माणसाला सोसत नाही. ती भरून काढायला तो स्वतःच बोलतो, आणि बोलतो तेव्हा खाली येतो.

"गप्प बसायचं?" तिने विचारले. "एवढंच?"

"एवढंच. पण ते कोणाला जमत नाही."

"मला जमेल," ती म्हणाली. "मी दिवसभर तेच करते. डॉक्टर बोलता बोलता थांबतात ना... खोकतात, चहा पितात, पुढचं पान उलटतात. मी ऐकत बसते. मला त्याचा कंटाळाच येत नाही." आणि जरा थांबून, मान तिरपी करून ती म्हणाली, "तुम्हीही खूपदा मधेच थांबता."

"मी?"

"हो. 'तुम्ही उद्या...' असं म्हणता आणि थांबता. मग म्हणता, 'उद्या पाऊस येईल.'"

मालक उठून बाहेर गेले आणि मांडलेल्या खुर्च्या उगीचच सरळ करू लागले. ती त्यांच्या पाठीकडे पाहून हसत होती, ते मला दिसत होते. त्यांना दिसत नव्हते.

आणखी एक गोष्ट नोंदवायची म्हणजे, ती पहिल्या दिवसापासून मालकांना 'दादा' म्हणत असे. दुकानदाराला सगळेच म्हणतात, त्यात विशेष नाही. पण हळूहळू तो 'दादा' गळू लागला. आधी तो वाक्याच्या शेवटून गेला, मग सुरुवातीतून गेला. मध्यंतरी काही दिवस ती त्यांना कसलीच हाक मारीत नसे, नुसती घसा खाकरी. आणि एका दुपारी ती म्हणाली, "अहो... ऐका ना." मालकांच्या हातात खणाची पितळी मूठ होती. ती जमिनीवर पडून गडगडत माझ्यापर्यंत आली. मी ती पुष्कळ वेळ पुसत बसलो.

याच सुमारास एक गिऱ्हाईक त्या हिरव्या सोफ्याचा भाव विचारू लागले. मालक म्हणाले, विकला गेलाय. तो विकला गेला नव्हता.

परंतु महिनाअखेर कोणासाठी थांबत नाही. भावाचा निरोप आला की रविवारी सकाळी निघतो. कोपरा रिकामा केला आहे, वहिनीने पडदाही लावला आहे. शुक्रवारी तिने फोन करायचे ठरले. त्या दिवशी सकाळी मालक माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि लाकडाकडे पाहत म्हणाले, "बापू, समजा नाही जमलं आणि टेबल घ्यावं लागलं... तर ते विकायला नाही मांडायचं."

"मग काय करायचं, मालक?"

"राहू दे आत कुठेतरी," असे म्हणून ते निघून गेले. तेव्हा मला सारे उमगले. त्या फोनवर एका टंकलेखिकेची खोलीच नव्हे, आमच्या मालकांचे सुखही टांगलेले होते.

शुक्रवारची दुपार आली. मालकांनी दार लोटून घेतले. मातोश्री आल्या. त्या दिवशी त्या कंपनी नव्हत्या, नुसत्या आई होत्या, आणि हातातल्या रुमालाची घडी घालत मोडत होत्या. तरुणीने फोन सोफ्यावर मधोमध ठेवला, आवाज मोठा केला, म्हणजे सर्वांना ऐकू यावे. बराच वेळ बटणे दाबल्यावर एक माणूस बोलला. तिने सांगितले की मला जोडणी बंद करायची आहे. त्याने दुसऱ्या टेबलावर फोन दिला. थोडे संगीत वाजले. मग एका बाईंचा आवाज आला. गोड होता, पण अर्ध्या दिवसाच्या बोलण्याने दमलेला.

त्या बाईंनी कारण विचारले. तरुणीने खरे ते सांगितले. मालकांनी तिला खोटे बोलायला कधीच शिकवले नव्हते. ती म्हणाली की मी तुमची जुनी गिऱ्हाईक आहे, एकदाही बिल चुकवलेले नाही, माझ्या गल्लीत दुसऱ्या कंपनीचा दर याहून पुष्कळ कमी आहे, आणि तुमच्याच नव्या गिऱ्हाइकाला तुम्ही जे देता तेवढेच मला हवे आहे. टीव्ही नको, टेलिफोन नको, नुसते इंटरनेट.

बाई म्हणाल्या, बघते. कळफलकाचा आवाज आला. मग त्यांनी एक दर सांगितला. आधीपेक्षा किंचित कमी.

तरुणी गप्प बसली.

वाचकहो, मी लाकडाच्या कामात अनेक प्रकारच्या शांतता ऐकल्या आहेत. ती शांतता निराळी होती. तिच्यात राग नव्हता, हट्टही नव्हता. ती पलीकडच्या बाईंचे ऐकून घेत होती, त्यांनी न बोललेलेही. घड्याळ टिकटिकत होते. मातोश्रींनी रुमाल तोंडाशी धरला.

"बरं, मॅडम," बाई म्हणाल्या, "माझ्याकडे आणखी एक योजना आहे."

दुसरा दर आला. तरुणी म्हणाली, "हं." आणि पुन्हा गप्प. पलीकडे कोणीतरी पाणी प्यायल्याचा आवाज आला. मग त्या बाई आवाज खाली आणून, जणू शेजारच्यांना कळू नये अशा बेताने म्हणाल्या, "थांबा, नव्या गिऱ्हाइकाचाच दर देते तुम्हाला. मधे वाढणारही नाही, तसं लिहून पाठवते. पण त्यासाठी करार दोन वर्षांचा करावा लागेल. महिन्या-महिन्याचं हवं असेल तर दर थोडा जास्त पडेल, पण केव्हाही सोडता येईल. काय करू?"

जमले होते. दुकानातले सारे जण एकदम सैल झाले. पण तरुणी सैल झाली नाही. "एक मिनिट हं," ती म्हणाली आणि तिने फोनवर तळहात ठेवला. पूर्वीच्या काळी टेलिफोनच्या नळीवर ठेवीत तसा. त्या गोंधळात तिला असे वाटले की आता पलीकडे ऐकू जाणार नाही.

ती मालकांकडे वळली. "दोन वर्षं म्हणतायत. काय सांगू?"

मालक चाचरले. मला वाटले, आता हे म्हणणार, दोन वर्षे घ्या. माझ्या मनात तर तेच होते. पण त्यांनी काय सांगितले ते ऐकावे.

"तुमचं भावाकडे जायचं मनात असेल," ते म्हणाले, "थोडंसं जरी असेल, तरी महिन्याचंच घ्या. दोन वर्षांचा करार मधे मोडला तर दंड पडतो. थोडा जास्त दर गेला तरी चालेल, पण अडकू नका."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. पुढे तिने मला सांगितले की त्या क्षणी तिला कळले, या माणसाने स्वतःचे नुकसान होत असताना तिला रास्त भाव सांगितला. आणि त्याहून मोठी गोष्ट तिला आयुष्यात कोणी दिली नव्हती.

"आणि जायचं मनात नसेल तर?" तिने हळूच विचारले.

"तर... मला तुम्हाला एक विचारायचं होतं."

"काय?"

"ते... फोन ठेवल्यावर विचारतो."

"फोन ठेवल्यावर दोन वर्षं ठरून जातील," ती म्हणाली. "आधी विचारा."

मालकांनी खाली बघितले, वर बघितले, सोफ्याच्या शिवणीकडे बघितले. तेवढ्यात फोनमधून आवाज आला... "मॅडम, मला ऐकू येतंय बरं का. पण तुमचं चालू द्या. मला घाई नाही."

तरुणीने तळहात चटका बसल्यासारखा उचलला. मातोश्रींना आता राहवेना. त्या म्हणाल्या, "अरे विचार की. त्या बाई थांबल्यात."

आणि आमचे मालक बोलले. भाव करताना बोलत तसे नव्हे, अडखळत, एकेक शब्द जणू खणातून ओढून काढीत.

"तुम्ही इथे राहावं असं मला वाटतं. कामासाठी राहालच, ते तुमचं आहे, त्यात मी कोण... पण मी आहे म्हणूनही राहावं, असं वाटतं. माझं दुकान लहान आहे. माझ्याकडे सगळं कोणाचं तरी वापरलेलं आहे. पण तुम्ही दुपारी आला नाहीत ना, की मला दिवस... दिवस नीट जात नाही. लग्न कराल का माझ्याशी? लगेच उत्तर नको. घासाघीस करायला माझी हरकत नाही."

ती रडत होती आणि हसत होती. कोणत्या क्रमाने ते सांगता यायचे नाही. तिने मालकांचा हात धरला. त्या हाताला लाकडाचा भुसा होता, तो तिने झटकला नाही. दुसऱ्या हाताने डोळे पुसून ती फोनकडे वाकली.

"ताई," ती म्हणाली, "दोन वर्षांचं करा."

"केलं," बाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज जड झाला होता. "अभिनंदन, मॅडम. फक्त एक सांगते, नियम आहे म्हणून... आमचे सगळे कॉल रेकॉर्ड होतात."

तिने त्या बाईंचे मनापासून आभार मानले. मातोश्रींनी मानले, मालकांनी मानले, मग मीही मागून मानले. त्या बाईंचा चेहरा आम्ही कधी पाहिला नाही, पाहणारही नाही. पण आजही त्यांची आठवण निघाली की आमच्या दुकानात कोणीतरी म्हणते, देव त्यांचे भले करो.

आता उरला रविवार.

भाऊ ठरल्याप्रमाणे आला. उसनी आणलेली मागे मोकळी जागा असलेली गाडी, तीत दोऱ्या, गोधड्या, खोकी. तरुणीने त्याला खोलीवर न नेता सरळ दुकानात आणले. मनुष्य सज्जन होता, दाढी वाढलेली, पहाटेपासून गाडी चालवून डोळे लाल. त्याच्यासमोर उभे राहून आता 'नाही' म्हणायचे होते, तेही टीव्ही नसताना कार्टूनची चॅनेले घेणाऱ्या मुलीला. मालक पुढे होऊ लागले, तेव्हा तिने त्यांना हातानेच थांबवले.

"दादा," ती म्हणाली, "मी येत नाही. तू एवढा लांबून आलास, वहिनीने पडदा लावला, मला सगळं कळतं. मी तुमची जन्मभर ऋणी राहीन. पण मी येत नाही. माझी खोली इथे आहे, माझं काम इथे आहे. आणि मला यांच्याशी लग्न करायचं आहे."

भावाने मालकांकडे पाहिले, मग मातोश्रींकडे, मग ओघाने माझ्याकडेही. तो एका विकाऊ स्टुलावर बसला. मी त्याला पाणी दिले. पाणी पिऊन त्याने पेला खाली ठेवला. मग म्हणाला की लहानपणी हिला कोणी काही मागितले की ही देऊन टाकायची. पेन्सिल, खाऊ, खिडकीची जागा. त्याला कायम धास्ती असायची की हिला कोणीही फसवेल, म्हणून तो तिला आपल्याजवळ न्यायला आला होता. आज पहिल्यांदा हिने स्वतःसाठी काहीतरी ठेवून घेतले आहे. बोलता बोलता त्याने बाहीने डोळे पुसले.

मग तो मालकांकडे वळला. "पण माझी एक अडचण आहे," तो म्हणाला. "मी रिकामी गाडी घेऊन परत गेलो तर तुमची वहिनी मला दारात उभं करणार नाही. तेव्हा चला."

"कुठे?" मालक म्हणाले.

"घरी. काहीतरी घेऊन जायलाच हवं ना. तुम्हाला नेतो. ती एकदा नीट बघेल, चार प्रश्न विचारेल. मावशी, तुम्हीही चला. संध्याकाळपर्यंत परत सोडतो."

मातोश्री आधीच चपला घालत होत्या. मातोश्री पुढच्या आसनावर भावाशेजारी बसल्या, तरुणी त्यांच्या बाजूला खिडकीशी. पुढे जागा तेवढीच होती. म्हणून आमचे मालक, बाजारातले चिवट, मागच्या मोकळ्या जागेत, गोधड्यांवर, खोक्यांच्या मधोमध बसले. तिच्या सामानाची जी जागा होती, तिथे. गाडी निघाली. आकाश उघडले होते आणि ओल्या रस्त्यावर ऊन पडले होते. पुढच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि मागे, न बघता, काहीतरी शोधू लागला. मागून एक हात पुढे झाला. कोपऱ्यावर वळेपर्यंत ते दोन हात मला दिसत होते.

मग मी दुकानात आलो आणि दार लावून घेतले.

इथे ही कथा पूर्ण झाली. ज्या थोर माणसांमुळे ती घडली, त्या मालकांचे, टंकलेखिकाबाईंचे, मातोश्रींचे, त्या सहृदय भावाचे आणि फोनवरच्या अनोळखी ताईंचे ऋण मी शिरावर घेतो. आणि माझ्यासारख्या अल्पशिक्षिताचे लेखन शेवटपर्यंत वाचणाऱ्या आपणा सर्वांचेही मनःपूर्वक आभार मानतो. आपणांस सर्वत्र रास्त भाव मिळो आणि भाव न करता मिळणारे जे काही या जगात आहे तेही मिळो.

आपला कृतज्ञ,
बापू पॉलिशवाला